रिलेशनल डेटाबेसमधील ओळींचे विलोपन आणि त्याची चाचणी : एक चिकित्सक अभ्यास

प्रास्ताविक

संगणकशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमात डेटाबेसची जी प्रात्यक्षिके घेतली जातात, त्यांत 'डिलीट' या आज्ञेच्या वाट्याला बहुधा एखादेच पान येते. तक्ता तयार करावा, त्यात पाच-दहा ओळी भराव्यात, एखादी अट देऊन त्यांतील एक ओळ काढून टाकावी आणि 'सिलेक्ट' आज्ञेने ती ओळ आता दिसत नाही असे दाखवावे, की प्रात्यक्षिक पूर्ण झाले असे समजून जर्नलवर सही होते. या पद्धतीच्या मुळाशी 'जे दिसत नाही, ते नाही' हे एक गृहीतक आहे. ते तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हा विषय केवळ संगणकशास्त्र विभागापुरता मर्यादित नाही. प्रवेश, शुल्क, परीक्षा, ग्रंथालय, वेतन अशा महाविद्यालयीन व्यवहारांच्या बहुतेक नोंदी आज अशाच तक्त्यांत साठवल्या जातात. त्यांतील एखादी ओळ काढून टाकणे याचा अर्थ कोणाची तरी नोंद पुसणे असा होतो. शिवाय विलोपनाच्या चुकीचा स्वभाव इतर चुकांहून वेगळा आहे. चुकीची ओळ भरली गेली तर ती तक्त्यात राहते आणि कधी ना कधी नजरेस पडते. प्रश्न चुकला तर तो पुन्हा विचारता येतो. चुकीची ओळ काढली गेली, तर मात्र चुकीचा पुरावाही तिच्याबरोबर जातो. म्हणूनच विलोपनाच्या चाचणीची जबाबदारी अधिक ठरते. प्रत्यक्षात मात्र याच चाचणीकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते, हा या क्षेत्रातील विरोधाभास होय.

विलोपनाचा सैद्धांतिक अर्थ

एडगर एफ. कॉड यांनी १९७० मध्ये आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत काम करीत असताना रिलेशनल प्रतिमान मांडले. या प्रतिमानात तक्ता म्हणजे ओळींचा संच आणि प्रत्येक ओळ म्हणजे सत्य मानलेले एक विधान. 'क्रमांक १२ च्या विद्यार्थ्याने इतिहास हा विषय घेतला आहे' असे विधान ओळीच्या रूपाने तक्त्यात असते. जे विधान तक्त्यात नाही ते असत्य, असे व्यवहारात धरले जाते. त्यामुळे ओळ काढणे म्हणजे केवळ जागा मोकळी करणे नव्हे, तर जगाविषयी केलेले एक विधान मागे घेणे होय. हा अर्थ स्वीकारला तर चाचणीचा प्रश्नही बदलतो. 'ओळ गेली का?' एवढे विचारून भागत नाही. 'विधान मागे घेतल्यानंतर उरलेली सर्व विधाने मिळून अजूनही खरे चित्र उभे करतात का?' असे विचारावे लागते.

याची जाणीव कॉड यांना आरंभापासून होती. तक्त्यांच्या प्रसामान्यीकरणावरील १९७१ च्या लेखनात त्यांनी सदोष रचनेतून निर्माण होणाऱ्या अडचणींची चर्चा केली, त्यांत विलोपनाची अडचणही आहे. अध्यापक, विषय आणि विद्यार्थी यांची माहिती एकाच तक्त्यात ठेवली, तर एखाद्या विषयाचा शेवटचा विद्यार्थी प्रवेश रद्द करताच तो विषय कोण शिकवते ही माहितीही नाहीशी होते. येथे आज्ञा बिनचूक चालली आहे आणि सांगितलेली ओळच गेली आहे. नेहमीची चाचणी अशा वेळी यशस्वी ठरते, परंतु न सांगितलेले ज्ञानही गेलेले असते. काय जावे हे ठरवताना काय राहावे हेही ठरवावे लागते, हा धडा पन्नास वर्षांहून अधिक जुना आहे. प्रात्यक्षिकांत मात्र तो प्रसामान्यीकरणाच्या प्रकरणातच राहतो, डिलीटच्या पानापर्यंत पोहोचत नाही.

एसक्यूएल ही भाषा १९८६ मध्ये अमेरिकेत प्रमाणित झाली. तिने कॉड यांच्या प्रतिमानापासून दोन ठिकाणी फारकत घेतली आहे : तिच्या तक्त्यात हुबेहूब सारख्या ओळींना मज्जाव नाही आणि प्रायमरी कीची सक्तीही नाही. सी. जे. डेट यांनी यावर सातत्याने टीका केली. विलोपनाच्या संदर्भात ही टीका विशेष पटते, कारण सर्व रकाने सारखे असलेल्या दोन ओळींपैकी एकच काढा असे केवळ मूल्यांच्या अटीने सांगताच येत नाही. जाणार त्या दोन्ही जाणार. अशा तक्त्यावर विलोपनाची चाचणी घेण्यापूर्वी तक्त्याचीच चाचणी घ्यायला हवी.

अटीची परीक्षा

विलोपनातील बहुसंख्य चुका 'व्हेअर' या शब्दानंतर लिहिलेल्या अटीत दडलेल्या असतात. पहिला प्रश्न 'नल' या मूल्यहीनतेच्या खुणेचा आहे. एसक्यूएलचे तर्कशास्त्र द्विमूल्यी नसून त्रिमूल्यी आहे. अट सत्य, असत्य किंवा अज्ञात ठरते आणि डिलीट फक्त सत्य ठरलेल्या ओळींनाच हात लावते. निकालाच्या तक्त्यातून ३५ पेक्षा कमी गुणांच्या ओळी काढल्या आणि त्यानंतर 'गुण ३५ पेक्षा कमी नाहीत' अशा ओळीही काढल्या, तर तक्ता रिकामा होईल असे सामान्य तर्क सांगतो. प्रत्यक्षात परीक्षेला अनुपस्थित राहिल्यामुळे ज्यांच्या गुणांच्या रकान्यात नल आहे, त्यांच्या ओळी दोन्ही वेळा शाबूत राहतात.

याच नियमाचा दुसरा परिणाम अधिक फसवा आहे. 'ज्यांचा क्रमांक शुल्काच्या तक्त्यात नाही, त्यांच्या तात्पुरत्या नोंदी काढा' अशी आज्ञा 'नॉट इन' वापरून दिली आणि शुल्काच्या तक्त्यातील क्रमांकाच्या रकान्यात एक जरी नल असला, तर एकही ओळ जात नाही. त्रुटीचा संदेशही येत नाही, शून्य ओळी काढल्या एवढेच उत्तर मिळते.

तिसरे उदाहरण याच्या नेमके उलट आहे. आतल्या उपप्रश्नात लिहिलेला रकाना आतल्या तक्त्यात अस्तित्वात नसेल, परंतु त्याच नावाचा रकाना बाहेरच्या तक्त्यात असेल, तर एसक्यूएलच्या व्याप्तीच्या नियमानुसार ते नाव बाहेरच्या तक्त्याचे मानले जाते. मग 'ज्यांचा क्रमांक त्या यादीत आहे त्यांना काढा' या अटीत प्रत्येक ओळीची तुलना स्वतःशीच होते. आतल्या तक्त्यात एक जरी ओळ असली, तरी क्रमांक असलेल्या साऱ्या ओळी निघून जातात. ही लेखनातील चूक आहे, पण नियमांच्या दृष्टीने आज्ञा शुद्ध असल्यामुळे डेटाबेस ती मुकाट्याने पाळतो.

या तीनही चुका पाच सरळ ओळींच्या तक्त्यावर प्रकट होत नाहीत. त्या उघड करायच्या तर चाचणीसाठी भरलेली माहितीच विचारपूर्वक निवडावी लागते. या दिशेने झालेले एक महत्त्वाचे काम मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील आहे. सिल्बरशॅट्झ आणि कोर्थ यांच्यासह लिहिलेल्या पाठ्यपुस्तकामुळे परिचित असलेले प्रा. एस. सुदर्शन आणि त्यांचे सहकारी यांनी 'एक्सडेटा' या प्रकल्पात एसक्यूएल प्रश्नाच्या जाणीवपूर्वक बिघडवलेल्या आवृत्त्या घेतल्या. 'पेक्षा कमी'च्या जागी 'पेक्षा कमी किंवा समान' असा एखादा बदल हे त्याचे साधे उदाहरण. मूळ प्रश्न आणि बिघडलेला प्रश्न यांची उत्तरे वेगळी येतील अशी माहिती आपोआप तयार करणे, ही त्यांची पद्धत. पुढे हीच कल्पना विद्यार्थ्यांनी लिहिलेल्या प्रश्नांच्या मूल्यमापनासाठीही वापरली गेली. या कामाचा मुख्य भर माहिती विचारणाऱ्या प्रश्नांवर होता. त्यातील तत्त्व विलोपनाला लावल्यास मात्र ते अधिकच मोलाचे ठरते. ३५ पेक्षा कमी गुणांच्या अटीची चाचणी घेताना नेमके ३५ गुण असलेली ओळ तक्त्यात नसेल, तर त्या चाचणीला चाचणी म्हणणेच कठीण आहे.

नात्यांची परीक्षा

तक्ते एकमेकांशी फॉरिन कीने बांधलेले असतात. पालक तक्त्यातील ओळ गेली तर अपत्य तक्त्यातील ओळींचे काय करायचे, याचे पर्याय १९९२ च्या एसक्यूएल प्रमाणात आले : विलोपन नाकारावे, अपत्य ओळीही काढाव्यात, तेथे नल ठेवावा किंवा ठरीव मूल्य ठेवावे. कागदावर ही व्यवस्था सुटसुटीत दिसते, पण प्रत्यक्ष प्रणालींतील तिचे वर्तन एकसारखे नाही.

एसक्यूलाइट या प्रणालीत फॉरिन कीची अंमलबजावणी २००९ मधील ३.६.१९ या आवृत्तीत आली. जुन्या प्रणालींशी सुसंगती राखण्यासाठी ती मूळ स्थितीत बंद ठेवलेली असून प्रत्येक जोडणीत ती वेगळी चालू करावी लागते. तक्त्याच्या व्याख्येत नाते लिहिलेले आहे, परंतु ते पाळले जात नाही, अशी स्थिती त्यामुळे उद्भवू शकते. मायएस्क्यूएलच्या माहितीपुस्तिकेत साखळीने होणाऱ्या विलोपनामुळे अपत्य तक्त्यावरील ट्रिगर चालत नाहीत अशी नोंद वर्षानुवर्षे राहिली. विलोपनाची नोंद ठेवण्यासाठी ट्रिगर लिहिला असेल, तर साखळीने गेलेल्या ओळी त्या नोंदवहीत येणारच नाहीत. पोस्टग्रेसक्यूएलमध्ये याउलट साखळीचे विलोपन नेहमीच्याच आज्ञेसारखे चालते आणि ट्रिगरही चालतात. अपत्य तक्त्यावरील ट्रिगरने ते विलोपन अडवले, तर नात्याची अखंडता भंग पावू शकते, असा इशारा तिच्या माहितीपुस्तिकेतच दिलेला आहे.

यावरून एक निष्कर्ष अपरिहार्य ठरतो. एका प्रणालीवर यशस्वी झालेली विलोपनाची चाचणी दुसऱ्या प्रणालीविषयी काहीही सिद्ध करीत नाही. प्रात्यक्षिक एसक्यूलाइटवर आणि कार्यालयातील काम अन्य प्रणालीवर, अशी विभागणी असेल तर हा मुद्दा विशेष लक्षात ठेवावा लागेल.

एकाच वेळी चालणारे व्यवहार

चाचणी घेणारा विद्यार्थी एकटा असतो, प्रत्यक्ष डेटाबेस मात्र कधीच एकट्याचा नसतो. पोस्टग्रेसक्यूएलच्या माहितीपुस्तिकेत या संदर्भात एक मार्मिक उदाहरण आहे. एका तक्त्यात दोन ओळी असून त्यांतील मूल्ये ९ आणि १० आहेत. एक व्यवहार सर्व मूल्ये एकाने वाढवतो. तो पूर्ण होण्याआधीच दुसरा व्यवहार 'मूल्य १० असलेली ओळ काढा' अशी आज्ञा देतो. वाढ होण्यापूर्वी १० मूल्याची एक ओळ होती आणि वाढ झाल्यावरही १० मूल्याची एक ओळ असते. तरीही मूळ स्थितीतील अलगतेच्या पातळीवर एकही ओळ जात नाही. दुसऱ्या व्यवहाराने ९ ची ओळ अटीत बसत नाही म्हणून आधीच सोडलेली असते. १० च्या ओळीसाठी तो थांबतो, पण ती हाती येते तेव्हा ११ झालेली असते.

हा प्रणालीतील दोष नसून तिच्या घोषित नियमांचा परिणाम आहे, म्हणूनच तो विचार करायला लावतो. एकेकट्या आज्ञेची चाचणी शंभर वेळा यशस्वी झाली तरी दोन व्यवहार एकत्र येताच तिचा निष्कर्ष लागू राहत नाही. त्यामुळे दोन जोडण्या उघडून, त्यांतील पायऱ्यांचा क्रम ठरवून केलेली चाचणी हा विलोपनाच्या अभ्यासाचा आवश्यक भाग मानायला हवा.

साक्षीदार कोण?

आतापर्यंतच्या विवेचनात एक प्रश्न अध्याहृत राहिला आहे. डिलीटची चाचणी सिलेक्टने घेतली जाते आणि दोन्ही आज्ञा एकाच प्रणालीच्या असतात. अटीचा अर्थ लावण्यात प्रणालीच चुकत असेल, तर दोन्हीकडे तीच चूक होईल आणि चाचणी यशस्वी दिसेल. ज्याच्यावर आरोप आहे त्याच्याच साक्षीवर निर्दोष ठरवण्यासारखा हा प्रकार होय.

ही शंका निराधार नाही. एसक्यूलाइटच्या निर्मात्यांनी चाचणीच्या बाबतीत असाधारण काटेकोरपणा दाखवला आहे. ३.४२.० या आवृत्तीच्या संदर्भात त्यांनी दिलेल्या माहितीनुसार मूळ संकेतावलीच्या सुमारे ५९० पट चाचणी-संकेतावली त्या प्रकल्पात आहे. तरीही २०२० मध्ये ई.टी.एच. झुरिक येथील मॅन्युएल रिगर आणि झेंडाँग सू यांनी आपल्या पद्धतीने एसक्यूलाइट, मायएस्क्यूएल आणि पोस्टग्रेसक्यूएल या तीन प्रणालींत मिळून १२१ दोष नोंदवले. त्यांपैकी ९६ दोष दुरुस्त झाले किंवा मान्य झाले. त्यांची युक्ती साधी होती : आधी एक ओळ निवडायची, ती उत्तरात आलीच पाहिजे असा प्रश्न तयार करायचा आणि ती आली नाही तर प्रणाली चुकली असे मानायचे. उत्तर काय असावे हे येथे प्रणालीला न विचारता बाहेरून ठरवले जाते. त्यांच्याच दुसऱ्या पद्धतीत अट सत्य, असत्य आणि अज्ञात अशा तीन भागांत विभागून त्यांची बेरीज मूळ तक्त्याशी ताडून पाहिली जाते. वर आलेला नलचा प्रश्न अशा रीतीने दोषशोधाचे साधन बनला.

विलोपनाशी थेट संबंधित काम २०२३ मध्ये चिनी विज्ञान अकादमीतील संशोधकांनी प्रसिद्ध केले. एकच अट सिलेक्ट, अपडेट आणि डिलीट या तिन्ही आज्ञांना दिली तर त्यांनी त्याच ओळी निवडल्या पाहिजेत, हे त्यांचे सूत्र. मायएस्क्यूएल, मारियाडीबी, टायडीबी, कॉक्रोचडीबी आणि एसक्यूलाइट या पाच प्रणालींवर त्यांनी ते लावले आणि आधी ज्ञात नसलेले दोष शोधून काढले. दाखवल्या जाणाऱ्या ओळी आणि काढल्या जाणाऱ्या ओळी वेगळ्या निघू शकतात, हे यातून स्पष्ट झाले. 'आधी सिलेक्टने पाहा, मग तीच अट डिलीटला द्या' हा प्रचलित सल्ला उपयुक्त असला तरी निर्णायक नाही, असाच याचा अर्थ. मात्र या पद्धतीचीही मर्यादा आहे. तिन्ही आज्ञा मिळून एकसारख्याच चुकल्या, तर ती मौन राहते. म्हणून प्रणालीबाहेरचा साक्षीदार, म्हणजे अपेक्षित उत्तराची आधीच हाताने लिहिलेली यादी, हिला पर्याय उरत नाही.

दिसेनासे होणे आणि नष्ट होणे

शेवटचा प्रश्न सर्वांत गंभीर आहे. ओळ अचूकपणे निवडली गेली आणि दिसेनाशी झाली, तरी ती नष्ट झाली का? पोस्टग्रेसक्यूएलमध्ये डिलीटनंतर ओळ आपल्या जागीच राहते, तिच्यावर केवळ ती काढणाऱ्या व्यवहाराचा क्रमांक नोंदवला जातो. आधी सुरू झालेल्या व्यवहारांना ती दिसत राहावी, यासाठी ही योजना आहे. पुढे 'व्हॅक्यूम' ही प्रक्रिया ती जागा पुनर्वापरासाठी मोकळी करते. मायएस्क्यूएलच्या इनोडीबी या साठवण-यंत्रणेतही ओळीवर आधी खूण होते आणि मागाहून सफाई होते. एसक्यूलाइटमध्ये मोकळी झालेली पाने मोकळ्या पानांच्या यादीत जातात. त्यांवरील मजकूर शून्यांनी पुसण्याचा पर्याय आहे, पण मूळ स्वरूपात तो बंद असतो. याशिवाय व्यवहारांचा लॉग आणि राखीव प्रती यांत त्या ओळीची प्रत राहू शकते, ती वेगळीच.

मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील स्टालबर्ग, मिक्लाऊ आणि लेव्हिन यांनी २००७ मध्ये काढून टाकलेल्या नोंदींचे अवशेष डेटाबेसच्या साठवणीत कसे टिकतात आणि ते परत कसे मिळवता येतात, याकडे लक्ष वेधले. अर्थात या टिकण्याची दुसरी बाजूही आहे. ओरॅकलने ९आय या आवृत्तीत आणलेली 'फ्लॅशबॅक' सुविधा जुनी स्थिती मर्यादित काळापुरती पुन्हा दाखवते, ती अशाच जपून ठेवलेल्या माहितीच्या आधारे. चुकून गेलेली ओळ परत मिळणे ही सोय आहे आणि मुद्दाम पुसलेली ओळ परत मिळणे हा धोका आहे. तंत्र एकच, हेतूनुसार त्याचा अर्थ बदलतो.

हा हेतू आता कायद्यानेही विचारला जातो. युरोपीय संघात २५ मे २०१८ पासून लागू असलेल्या माहिती-संरक्षण नियमावलीच्या सतराव्या कलमात व्यक्तीला आपली माहिती पुसून घेण्याचा हक्क आहे. भारतात डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाला ११ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्याच्या बाराव्या कलमात माहितीची दुरुस्ती आणि विलोपन यांचा हक्क दिला असून अन्य कायद्यानुसार माहिती जपणे आवश्यक असल्यास अपवादही ठेवला आहे. या अधिनियमाखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, त्यांतील तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होण्याची योजना आहे. विद्यार्थ्यांची वैयक्तिक माहिती बाळगणाऱ्या शिक्षणसंस्थांना 'पुसले' या शब्दाचा अर्थ त्यामुळे नेमका ठरवावा लागेल. तक्त्यात 'रद्द' असा एक रकाना ठेवून ओळ केवळ लपवायची, ही अनेक प्रणालींत रूढ असलेली पद्धत सोयीची असली तरी तिला विलोपन म्हणता येणार नाही.

समारोप

वरील विवेचनावरून विलोपनाच्या चाचणीने तीन प्रश्नांना सामोरे गेले पाहिजे असे म्हणता येईल : जे जायला हवे ते सारे गेले का, जे राहायला हवे ते सारे राहिले का, आणि जे गेले ते कोणत्या अर्थाने गेले. प्रचलित प्रात्यक्षिक यांपैकी पहिल्याच प्रश्नाला, तोही अंशतः, स्पर्श करते.

पदवीच्या विद्यार्थ्यांकडून इतकी अपेक्षा करणे जड होईल, असा आक्षेप येथे घेतला जाईल. तास मर्यादित असतात, हे खरेच. परंतु या चाचणीला मोठी साधनसामग्री लागत नाही. सात ओळींचा तक्ता पुरतो : अटीत स्पष्ट बसणारी एक ओळ, न बसणारी एक, नेमकी सीमेवरची एक, नल असलेली एक, अटीत बसणारी आणि अपत्य ओळी असलेली एक, अटीत न बसणारी पण अपत्य ओळी असलेली एक, आणि दुसऱ्या जोडणीतून त्याच वेळी बदलली जाणारी एक. आज्ञा देण्यापूर्वी कोणत्या ओळी जातील आणि कोणत्या उरतील हे विद्यार्थ्याने कागदावर लिहावे आणि नंतर दोन्ही बाजू ओळीनिहाय ताडून पाहाव्यात. केवळ संख्या जुळणे पुरेसे नाही, कारण एकीच्या जागी दुसरी ओळ गेली तरी बेरीज बरोबरच येते.

आज्ञा देण्याआधी उत्तर लिहून ठेवण्याची ही सवय हेच या प्रात्यक्षिकाचे खरे शिक्षण होय. ज्या पिढीच्या हाती इतरांच्या नोंदी ठेवण्याचे आणि पुसण्याचे अधिकार येणार आहेत, तिला पडद्यावरील रिकाम्या उत्तरावर विसंबून न राहण्याची शिस्त महाविद्यालयातच लागावी लागेल. जर्नलवर सही करणाऱ्या अध्यापकाने 'ओळ गेली का?' या प्रश्नाला 'बाकीच्या कुठे आहेत?' या प्रश्नाची जोड दिली, तरी या शिस्तीचा आरंभ होईल.